खिशातला हिशेब सांभाळा!
पेन ड्राइव्ह आणि पोर्टेबल हार्ड डिस्कमधील व्यापारी माहितीची राखण

पूर्वी व्यापाऱ्याच्या दुकानात दोन वस्तूंना परक्या माणसाला हात लावू दिला जात नसे. एक गल्ला आणि दुसरी खतावणी. रात्री दुकान वाढवताना गल्ल्यातील रोकड घरी जात असे आणि वह्या लोखंडी कपाटात बंद होत असत. आज गल्ला बऱ्याच अंशी मोबाईलमध्ये गेला आहे आणि खतावणी संगणकात. संगणकातील ही खतावणी, उधारीची यादी, मालाचे दर, नोकरांचे पगार आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रे यांची नक्कल बोटाएवढ्या पेन ड्राइव्हवर घेतली जाते आणि तो पेन ड्राइव्ह किल्ल्या व सुट्या पैशांसोबत खिशात टाकला जातो. ज्या खतावणीला आपण कुलपाशिवाय ठेवत नव्हतो ती आता एस.टी.च्या गर्दीत, रिक्षाच्या सीटवर आणि झेरॉक्सच्या दुकानात बिनकुलपाची फिरत असते.

या लेखात आम्ही संगणक शास्त्राची चर्चा करणार नाही. पेन ड्राइव्ह, पोर्टेबल हार्ड डिस्क, मेमरी कार्ड यांसारख्या सोबत बाळगायच्या साधनांवरील माहिती कशी राखावी, एवढाच आमचा विषय आहे. लहान दुकानदार, कारखानदार, हज-उमराह टूरवाले, दवाखाने, शाळा आणि पतसंस्था या सर्वांनाच तो लागू पडतो.

धोके दोन आहेत, एक नव्हे

बहुतेक व्यापारी धोका म्हणजे वस्तू हरवणे एवढेच समजतात. वस्तुतः येथे दोन निरनिराळे धोके आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत.

पहिला धोका म्हणजे माहिती आपल्या हातून जाणे. ड्राइव्ह बिघडला, पाण्यात पडला किंवा व्हायरसने खराब केला, तर आपल्याकडे काही उरत नाही. कोणाकडून किती येणे आहे हेच सांगता येत नसेल तर वसुली कशी करणार? यावर उपाय एकच, तो म्हणजे दुसरी नक्कल.

दुसरा धोका म्हणजे माहिती परक्याच्या हाती पडणे. मूळ माहिती आपल्या संगणकात शाबूत असते, पण तिची नक्कल दुसऱ्याला मिळते. स्पर्धकाला आपले खरेदीचे दर कळतात, ठगाला गिऱ्हाइकाचे आधार व पॅन कार्ड मिळते. यावर नक्कल हा उपाय नव्हे. उलट जितक्या नकला जास्त, तितकी गळतीची शक्यता जास्त. येथे उपाय म्हणजे कुलूप. म्हणून नक्कलही हवी आणि प्रत्येक नकलेला कुलूपही हवे. यांपैकी एकच गोष्ट करणारा व्यापारी अर्ध्याच धोक्यातून वाचतो.

दोन घटना, दोन परिणाम

कुलूप असणे आणि नसणे यांतील फरक समजण्यासाठी परदेशातील दोन घटना उपयोगी पडतील.

ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या कर खात्याने बालभत्ता घेणाऱ्या सर्व कुटुंबांची माहिती दोन सीडींवर भरून लेखापरीक्षण कार्यालयाकडे पाठविली. पाकिटाची रजिस्टर नोंदही केली गेली नव्हती. त्यांत सुमारे अडीच कोटी लोकांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि अनेकांचे बँक खाते क्रमांक होते. पाकीट पोहोचलेच नाही. सीडींना नावापुरता पासवर्ड होता, मात्र आतील माहिती सांकेतिक रूपात बदललेली नव्हती. २० नोव्हेंबर २००७ रोजी अर्थमंत्र्यांना संसदेत ही गोष्ट कबूल करावी लागली, खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला आणि लक्षावधी कुटुंबांना आपल्या बँक खात्यांवर नजर ठेवण्यास सांगण्यात आले. एवढी माहिती पाठविण्याची गरजही नव्हती. लेखापरीक्षकांना बँकेचे तपशील नकोच होते.

दुसरी घटना जपानमधील अमागासाकी शहराची आहे. जून २०२२ मध्ये नगरपालिकेचे काम करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने शहरातील सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती यूएसबी ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या ठिकाणच्या कार्यालयात नेली. काम झाल्यावर ती पुसून टाकावयास हवी होती. ती न पुसता तो सहकाऱ्यांसोबत दारू प्यायला गेला, रस्त्यावरच झोपी गेला आणि जागा झाला तेव्हा बॅग नव्हती. बॅग दोन-तीन दिवसांनी सापडली. तथापि या वेळी माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद होती, त्यामुळे मोठा अनर्थ टळला. गंमत अशी, की अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत पासवर्ड किती अक्षरी आहे हेही सांगून टाकले. त्यावरून त्यांची बरीच टीका झाली.

निष्काळजीपणा दोन्हीकडे सारखाच होता. फरक फक्त कुलपाचा. आणखी एक बोध असा, की जी माहिती नेण्याची गरज नाही ती नेऊच नये. सी.ए.ला तीन महिन्यांची विक्री द्यावयाची असेल तर दहा वर्षांची खतावणी नेण्याचे कारण काय?

खरे कुलूप कोणते?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणक सुरू करताना आपण जो पासवर्ड टाकतो, त्याने पेन ड्राइव्हचे रक्षण होत नाही. तो ड्राइव्ह काढून दुसऱ्या संगणकाला लावला की सर्व फाईली उघड्या असतात. तसेच एक्सेलमधील ‘प्रोटेक्ट शीट’ हेही कुलूप नव्हे. त्याने आकड्यांत चुकून बदल होत नाही इतकेच. फाईल लपविणे, म्हणजे ‘हिडन’ करणे, यालाही अर्थ नाही.

खरे कुलूप म्हणजे ‘एन्क्रिप्शन’. यात माहितीचे रूपांतर गणिती पद्धतीने अशा खुणांत केले जाते की पासवर्ड असल्याशिवाय तिचा अर्थच लागत नाही. चोराने ड्राइव्ह फोडला तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग लागतो. यासाठी वापरली जाणारी ‘एईएस’ ही पद्धत अमेरिकी सरकारने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली आणि आज बँकाही तीच वापरतात. लहान व्यापाऱ्याला ती पुढील मार्गांनी मिळू शकते.

१) बिटलॉकर : ही सोय विंडोजमध्येच असते. पेन ड्राइव्हच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘टर्न ऑन बिटलॉकर’ निवडावे व पासवर्ड द्यावा. संगणक ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ देतो. ती छापून घ्यावी, त्याच ड्राइव्हवर ठेवू नये. जुना वापरलेला ड्राइव्ह असेल तर पूर्ण ड्राइव्ह कुलूपबंद करण्याचा पर्याय घ्यावा, नाहीतर पूर्वी पुसलेल्या फाईलींचे अवशेष उघडे राहतात. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत असे कुलूप लावता येत नाही, मात्र दुसरीकडे लावलेले पासवर्डने उघडता येते. कुलूप लावण्यासाठी ‘प्रो’ आवृत्ती लागते.

२) व्हेराक्रिप्ट : हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते ड्राइव्हमध्ये एक बंद पेटीच तयार करते आणि फाईली तीत ठेवता येतात. ज्या संगणकावर ती पेटी उघडावयाची तेथेही हे सॉफ्टवेअर लागते, ही त्याची अडचण.

३) सेव्हन-झिप : एखादी फाईल किंवा फोल्डर पाठविण्यापुरते हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे आहे. फाईल बांधतानाच एईएस कुलूप व पासवर्ड देता येतो आणि ‘सेव्हन-झेड’ प्रकार निवडल्यास फाईलींची नावेही झाकता येतात.

४) टॅलीव्हॉल्ट : टॅली वापरणाऱ्यांना कंपनीच्या नोंदींनाच असे कुलूप लावता येते. मग बॅकअप कुठेही गेला तरी पासवर्डशिवाय तो उघडत नाही. मात्र हा पासवर्ड विसरल्यास तो परत मिळविण्याचा मार्ग नाही.

ज्यांची माहिती फार मोलाची आहे त्यांच्यासाठी कुलूप अंगातच असलेले ड्राइव्हही बाजारात मिळतात. काहींवर आकड्यांची बटणे असतात आणि ठराविक वेळा चुकीचा आकडा दाबल्यास आतील माहिती नष्ट होते.

पासवर्ड विसरला तर?

कुलूप जितके पक्के तितकी किल्ली हरवण्याची किंमत मोठी. सॅन फ्रान्सिस्कोतील संगणकतज्ज्ञ स्टीफन थॉमस यांची हकीकत जानेवारी २०२१ मध्ये जगभर छापून आली होती. त्यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली ‘आयर्नकी’ नावाच्या कुलूपबंद ड्राइव्हमध्ये होती आणि त्या ड्राइव्हचा पासवर्ड लिहिलेला कागद हरवला होता. दहा वेळा चुकल्यास ड्राइव्ह कायमचा बंद होणार होता आणि त्यांचे आठ प्रयत्न तोवर संपले होते. त्या वेळच्या भावाने ही रक्कम वीस कोटी डॉलरच्या वर होती. ज्याचा धंदाच संगणकाचा त्याची ही गत, तर इतरांनी किती सावध राहावे?

म्हणून पासवर्ड लांब ठेवा, पण लक्षात राहील असा ठेवा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले तर तो दुसऱ्याला ओळखणे कठीण आणि आपल्याला आठवणे सोपे जाते. दुकानाचे नाव, मुलाचे नाव, मोबाईल नंबर किंवा जन्मतारीख हे पासवर्ड नव्हेत. पासवर्डची चिठ्ठी ड्राइव्हला चिकटवणे म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून ठेवणे होय.

आता एक अशी गोष्ट, जिच्यावर आपल्या घरांत सहसा बोलले जात नाही. बरेचसे व्यवहार एकट्या मालकाच्या डोक्यात आणि त्याच्याच पासवर्डमध्ये असतात. उद्या मालक अचानक आजारी पडला किंवा त्याचे निधन झाले, तर कोणाचे देणे आहे आणि कोणाकडून येणे आहे हे घरच्यांना कळणार कसे? मयताचे कर्ज आधी फेडावे आणि मग वारसांत वाटणी व्हावी, हे आपण सर्व जाणतो. परंतु हिशेबच कुलूपबंद राहिला तर देणेकऱ्यांचे कर्ज बुडते आणि वारसांचे येणेही बुडते. याकरिता पासवर्ड व ‘रिकव्हरी की’ कागदावर लिहून, पाकीट बंद करून घरातील तिजोरीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला त्याची जागा सांगून ठेवावी. पासवर्ड बदलला की पाकिटातील कागदही बदलावा.

बॅकअप म्हणजे काय आणि काय नव्हे

अनेक जण संगणकातील माहिती पेन ड्राइव्हवर हलवतात, संगणकातून पुसतात आणि त्याला बॅकअप म्हणतात. हा बॅकअप नव्हे. माहिती एकाच जागी असेल तर ती मूळ प्रत आहे, मग ती कोणत्याही साधनावर असो.

या बाबतीत ‘तीन-दोन-एक’ हा नियम जगभर मानला जातो. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने तो प्रचलित केला. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या जागी असावी. दुकानदारासाठी याचा साधा अर्थ असा : एक प्रत दुकानाच्या संगणकात, दुसरी कुलूपबंद पोर्टेबल हार्ड डिस्कवर आणि तिसरी घरी किंवा क्लाऊडवर.

दुसऱ्या जागेचा आग्रह कशासाठी, हे महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नसावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाडच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. अशा पुरात दुकानातील संगणक आणि त्याच दुकानाच्या ड्रॉवरमधील बॅकअप दोन्ही एकदमच बुडतात. दोन प्रती असूनही मागे एकही उरत नाही.

ड्राइव्ह काढून ठेवण्याचे महत्त्व

बॅकअपची हार्ड डिस्क रात्रंदिवस संगणकाला जोडून ठेवण्याची सवय धोक्याची आहे. संगणकात खंडणीखोर व्हायरस, म्हणजे ‘रॅन्समवेअर’, शिरला तर तो जोडलेली प्रत्येक डिस्क निकामी करतो.

या संदर्भात २७ जून २०१७ ची घटना आठवावी. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे हजारो संगणक बंद पडले. नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे खोळंबले. म्हणजे युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा फटका आपल्या इथल्या निर्यातदाराच्या कंटेनरला बसला.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकात प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे १५० मुख्य संगणक होते आणि ते एकमेकांची नक्कल आपोआप ठेवत असत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून माहिती घेता येईल, असा हिशेब होता. सगळे एकाच वेळी पुसले जातील, हा विचार कोणी केला नव्हता आणि नेमके तेच घडले. शोध घेता घेता आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात एक संगणक शाबूत सापडला. तिथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता! घानाहून ब्रिटनकडे इंटरनेटने एवढी माहिती पाठविणे फार वेळखाऊ होते आणि तेथील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा एक कर्मचारी ती हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तेथील विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती लंडनला पोहोचविली. एवढ्या मोठ्या कंपनीची उभारणी पुन्हा त्या एका हार्ड डिस्कवरून झाली.

मर्स्कला विजेच्या खोळंब्याने वाचविले. आपण नशिबावर विसंबू नये. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवावी. शक्य तर दोन डिस्क ठेवून एका आठवड्याला एक आणि दुसऱ्या आठवड्याला दुसरी वापरावी. क्लाऊडवर आपोआप जुळणारे फोल्डर असेल, तर त्यावरच सर्व भिस्त ठेवू नये. संगणकातील फाईल पुसली किंवा बिघडली की तोच बदल तेथेही पोहोचतो.

आणखी एक, बॅकअप घेतला म्हणजे तो चालतोच असे नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर तो उघडून, दोन-चार खात्यांची बाकी ताडून पाहावी. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न वटविलेला चेक.

परका पेन ड्राइव्ह

वाटेत सापडलेला किंवा कोणी फुकट दिलेला पेन ड्राइव्ह दुकानाच्या संगणकाला लावू नये. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यांपैकी ४५ टक्के ड्राइव्हमधील फाईली लोकांनी उघडून पाहिल्या. मालकाचा शोध घ्यावा हा बहुतेकांचा हेतू चांगलाच होता, पण व्हायरस हेतू पाहून आत शिरत नाही.

आपल्याकडे हा रोग प्रामुख्याने झेरॉक्स व प्रिंटिंगच्या दुकानांतून पसरतो. दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह तिथल्या एकाच संगणकाला लागतात. घरी आल्यावर फोल्डरच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसू लागतात ते यामुळेच. तेव्हा छपाईसाठी एक स्वतंत्र, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि त्यावर फक्त छापावयाची फाईल न्यावी. हिशेबाचा ड्राइव्ह तिथे कधीही नेऊ नये. दुकानाच्या संगणकात अँटीव्हायरस चालू ठेवावा आणि बाहेरून आलेला प्रत्येक ड्राइव्ह आधी तपासावा.

टूरवाल्यांनी विशेष काळजी घेतली पाहिजे. यात्रेकरूंचे पासपोर्ट, फोटो, आधार आणि पॅन यांच्या प्रती एका साध्या पेन ड्राइव्हवर घेऊन प्रिंटिंगच्या दुकानात जाणे म्हणजे शंभर घरांची अमानत रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे. लोकांनी कागदपत्रे आपल्या भरवशावर दिली आहेत आणि ती राखणे हे तिकीट-व्हिसाइतकेच आपले काम आहे.

स्वस्तातला मोठा ड्राइव्ह आणि जुन्याची विल्हेवाट

फुटपाथवर आणि ऑनलाइन बाजारात मोठ्या क्षमतेचे ड्राइव्ह अविश्वसनीय स्वस्तात मिळतात. त्यांतील अनेक बनावट असतात. आत चिप लहान असते आणि संगणकाला मात्र ती मोठी असल्याचे खोटे सांगितले जाते. खऱ्या क्षमतेपर्यंत माहिती नीट बसते, पुढची माहिती लिहिली गेल्यासारखी दिसते पण नष्ट होते. बॅकअप उघडावयाची वेळ येते तेव्हाच हे कळते. म्हणून पक्के बिल देणाऱ्या दुकानातून घ्यावा आणि ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ या मोफत प्रोग्रामने पूर्ण क्षमता तपासूनच वापरावा.

चांगला पेन ड्राइव्हही कायमच्या दफ्तरासाठी नव्हे. त्यातील माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षांनुवर्षे वापर न झाल्यास हळूहळू ओसरू शकतो. पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते, ती पडल्यास बिघडते. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आणि हार्ड डिस्क साठवणुकीसाठी, अशी विभागणी ठेवावी आणि दोन्हींवरील माहिती काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवून घ्यावी.

जुना ड्राइव्ह विकताना किंवा कोणाला देताना फाईल ‘डिलीट’ करणे पुरेसे नाही. डिलीट केल्याने केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते, पाने तशीच राहतात. ‘क्विक फॉरमॅट’चेही तसेच. साध्या प्रोग्रामने ती पाने पुन्हा वाचता येतात. ड्राइव्हला पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन असेल तर ही चिंता बरीच कमी होते. तसे नसेल तर ड्राइव्ह विकण्यापेक्षा हातोडीने त्यातील चिप फोडून टाकणे स्वस्त पडते.

नोकर, हिशेबनीस आणि डिजिटल सही

सर्वच गळती चोराकडून होत नाही. कामावर असलेला माणूस घरी काम करण्यासाठी यादी घेऊन जातो, पुढे नोकरी सोडतो आणि यादी त्याच्याजवळच राहते. त्याच्यावर संशय घेण्याची गरज नाही, पण शिस्त हवी. दुकानाचे ड्राइव्ह दुकानाचेच असावेत, त्यांना क्रमांक द्यावेत, कोणी कोणता नेला व कधी आणला याची साधी वही ठेवावी आणि नोकरी सोडताना ते मोजून परत घ्यावेत. नोकराचा स्वतःचा पेन ड्राइव्ह हिशेबाच्या संगणकाला लावू नये, हा नियम मालकाच्या मुलालाही लागू असावा.

डिजिटल सहीचे टोकन दिसते पेन ड्राइव्हसारखेच, पण त्याची गोष्ट वेगळी. त्यावर आपली सही असते. ते आणि त्याचा पिन दोन्ही एकाच ठिकाणी देऊन ठेवणे म्हणजे कोऱ्या कागदांवर सह्या करून देण्यासारखे आहे. टोकन शक्यतो स्वतःकडे ठेवावे आणि सही करावयाची त्या वेळी स्वतः हजर राहावे.

कायदा काय म्हणतो?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ च्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवावा लागेल. जीएसटी नियम ५७ अन्वये संगणकावरील हिशेबाचा योग्य बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे, जेणेकरून अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी वेळेत पुन्हा उभ्या करता येतील. मागणी झाल्यास फाईलींचे पासवर्डही सादर करावे लागतात. सारांश, “पेन ड्राइव्ह खराब झाला” किंवा “पासवर्ड आठवत नाही” हे उत्तर अधिकाऱ्यासमोर चालणार नाही.

गिऱ्हाइकांच्या माहितीसाठी २०२३ साली ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. लोकांची माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था करावी आणि गळती झाल्यास संबंधित व्यक्तींना व मंडळाला कळवावे, असे हा कायदा सांगतो. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड होईल असे नव्हे, कारण दंड ठरविताना कसुरीचे स्वरूप पाहिले जाते. तरीही “आम्हाला ठाऊक नव्हते” असे म्हणण्याचे दिवस संपले आहेत.

ड्राइव्ह हरवल्यास

घाबरून गप्प बसू नये. प्रथम त्यावर काय काय होते याची यादी करावी. त्यात बँकेचे किंवा जीएसटीचे पासवर्ड असतील तर ते त्याच तासाला बदलावेत. बँकेला कळवावे. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून पोच घ्यावी, पुढे वाद झाल्यास ती उपयोगी पडते. डिजिटल सहीचे टोकन असेल तर ते देणाऱ्या संस्थेला कळवून सही रद्द करून घ्यावी. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. गिऱ्हाइकांची कागदपत्रे उघडी असतील तर त्यांना स्वतःहून सांगावे. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेले बरे. त्यात आपली पतही अधिक राहते.

या आठवड्यात करावयाची कामे

लेख वाचून बाजूला ठेवला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून आम्ही पाच कामे सुचवितो. पहिले, दुकानात व घरात मिळून किती पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क आहेत ते मोजा व त्यांवर क्रमांक टाका. दुसरे, ज्यांवर हिशेब किंवा गिऱ्हाइकांची कागदपत्रे आहेत त्यांना कुलूप लावा. हे करण्याआधी त्यांतील माहितीची एक प्रत दुसरीकडे घ्या. तिसरे, पासवर्डचे पाकीट बंद करून सुरक्षित जागी ठेवा आणि घरातील एकाला सांगा. चौथे, एक प्रत दुकानाबाहेर हलवा. पाचवे, शेवटचा बॅकअप उघडून पाहा.

या कामांना फार तर एक सुट्टीचा दिवस लागेल. खतावणी कपाटात ठेवून कुलूप ओढून पाहिल्याशिवाय आपले वडीलधारे घरी जात नसत. खतावणीचे रूप बदलले आहे, ती सवय बदलण्याचे कारण नाही.